तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी पिक्चर ऐन मे महिन्यातच कशाला?

उन्हाळा लागला की हा प्रश्न येतोच. ‘पिक्चर चांगला होता हो, पण आयपीएल चालू, समोर हिंदीतला मोठा हिरो, वर हॉलिवूडवाले बोकांडी बसलेले. अशात मराठी पिक्चर आणायची घाई कुणाला झाली होती?’ विचारणाऱ्याला कळकळ असते, म्हणून रागावताही येत नाही. पण प्रश्नाच्या पोटात एक आरोप असतो, की मराठी निर्मात्याला तारीख निवडता येत नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: ‘बातमीत तर पाच कोटी छापलेत, मग तोटा कसला?’

माझ्या लेखी हा एकच प्रश्न आहे आणि आजवर मी त्याचं उत्तर तुकड्यातुकड्यांत देत आले. आता सलग देते. मराठी पिक्चर ज्या आठवड्यात खऱ्या अर्थानं कमवायला लागतो, त्या आठवड्यापर्यंत तिकिटाच्या पैशांतला त्याचा वाटा घटलेला असतो. मे महिना हे दुखणं वाढवतो, पण ते मे महिन्यानं दिलेलं नाही.

आधी पाच कोटींचं बघू. २३६ रुपयांचं तिकीट घ्या. याला ग्रॉस म्हणायचं. त्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ रुपये सरकारचे. उरले २००. याला नेट म्हणायचं. ॲपवरून तिकीट काढताना वर लागलेलं शुल्क या हिशेबात कुठेच नाही, त्यातला पैसाही पिक्चरपर्यंत येत नाही. पॉपकॉर्नचंही तेच, तो सगळा गल्ला थिएटरचा. २०० रुपयांतले पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे, म्हणजे १००, वितरकाकडे, पिक्चर थिएटरांपर्यंत पोचवणाऱ्याकडे, जातात; बाकीचे थिएटर ठेवतं. त्या शंभरातून वितरकाचं कमिशन, पडद्यागणिक लागणारं डिजिटल शुल्क आणि प्रसिद्धीचा खर्च वळता झाल्यावर जे राहील ते निर्मात्याचं. म्हणून पाच कोटी ग्रॉस म्हणजे नेट सव्वाचार कोटींच्या जरा आत. सगळ्या आठवड्यांची सरासरी ४३ टक्के धरली तर वाटा एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास. होर्डिंग, टीव्हीवरच्या जाहिराती, गावोगावचे दौरे यांवर एक कोटी गेले असतील तर मागे राहिले ऐंशी लाख, आणि कमिशन अजून कापायचं आहे. पिक्चर बनवायला लागलेले पैसे तर या गणितात अजून आलेलेच नाहीत. ओटीटी, टीव्हीवर दाखवायचे उपग्रह हक्क आणि सरकारी अनुदान यांच्याकडे निर्माता डोळे लावून बसतो ते या उरलेल्या खड्ड्यासाठी.

जुन्या आकड्यांशी तुलना करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. जीएसटीच्या आधी महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला करमणूक कर नव्हता. प्रेक्षकानं दिलेला सगळा रुपया वाटपाच्या टेबलावर यायचा. १ जुलै २०१७ पासून मराठी-हिंदी सगळे एका पंगतीत बसले. १०० रुपयांवरच्या तिकिटाला आधी २८ टक्के, मग १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपये आणि त्याखालच्या तिकिटाला ५ टक्के झाले. छोट्या गावच्या एकपडदा थिएटरला त्याचा खरा आधार आहे. पण मल्टिप्लेक्समध्ये शनिवारी संध्याकाळी शंभरात तिकीट कुठे मिळतं? तेव्हा २०१६ चा मराठी आकडा आणि आजचा मराठी आकडा शेजारी ठेवून ‘तेव्हा चालायचे, आता चालत नाहीत’ असं म्हणू नका. आजच्या शंभर रुपयांतले पंधरा रुपये आधीच गेलेले असतात.

आता वाट्याकडे. तो ठरला एका उन्हाळ्यात, आणि त्या उन्हाळ्याची हकिकत मला लांबवून सांगायची आहे, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती फक्त ‘हो, तेव्हा काहीतरी संप झाला होता’ इतकीच आठवते.

३ एप्रिल २००९, शुक्रवार. ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ लागला. दुसऱ्याच दिवसापासून, ४ एप्रिलपासून, हिंदी निर्माते आणि वितरकांनी मल्टिप्लेक्सना नवे चित्रपट देणं बंद केलं. भांडण वाट्याचं होतं. तोवर प्रत्येक चित्रपटाची बोलणी वेगळी व्हायची. बडा निर्माता जास्त उकळायचा, छोटा मिळेल ते घ्यायचा, आणि आठवडे सरतील तसा वाटा उतरत जायचा. निर्मात्यांची मागणी होती, सगळ्या आठवड्यांना सरसकट निम्मा वाटा द्या. मल्टिप्लेक्सवाले म्हणत होते, जागा आमची, भाडं आमचं, वीज आमची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाव हॉल भरतो तेव्हा निम्मा वाटा देऊन आम्ही खायचं काय? आमिर खान, शाहरुख खान यांच्यासारखे तारे निर्मात्यांच्या बाजूनं पत्रकारांसमोर येऊन बसले. दोन्ही बाजू हटायला तयार नव्हत्या.

उन्हाळ्याची सुट्टी असताना निर्मात्यांना हा संप परवडला कसा? त्या वर्षी १६ एप्रिल ते १३ मे लोकसभेचं मतदान होतं. त्यामुळे आयपीएल दक्षिण आफ्रिकेत गेली, पण टीव्हीवर १८ एप्रिल ते २४ मे ती रोज होतीच. म्हणजे हे दोन महिने हिंदी निर्मात्यांसाठी तसेही पडकेच होते. पडक्या काळात दुकान बंद ठेवून भाव वाढवून घ्यायचा, हा हिशेब साधा होता. मल्टिप्लेक्स मात्र भाडं आणि पगार रोज भरत होते. त्यांनी हॉलिवूडचे पिक्चर लावले, जुने हिंदी लावले, आणि मराठी लावला.

त्या दोन महिन्यांत जे घडलं ते पुन्हा घडलेलं नाही. एका मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळचे खेळ मिळाले, शनिवार-रविवार मिळाले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही ते काढून घेतले गेले नाहीत, कारण त्या जागी लावायला नवा हिंदी पिक्चरच नव्हता. बोलबाला पसरायला जो वेळ लागतो तो पहिल्यांदा मिळाला. पुण्या-मुंबईत तर गर्दी झालीच, पण ज्या उपनगरी मल्टिप्लेक्सनी तोवर मराठी पिक्चर दुपारी साडेबाराला ढकलला असता, तिथेही संध्याकाळी लोक रांगेत उभे राहिले. त्या काळचे मराठीतले गल्ल्याचे विक्रम त्यानं मोडले. पिक्चर लोकांना भिडला होता यात वादच नाही. समोर काही नव्हतं म्हणून चालला असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. समोर काही नव्हतं तेव्हा इतर पिक्चरही होतेच की, ते का नाही चालले? पण त्याला मोकळी जागा मिळाली हेही तितकंच खरं आहे, आणि मराठी पिक्चरला मोकळी जागा मिळाली तर काय होतं याचा तो एकमेव मोठा पुरावा आहे.

मग जूनच्या सुरुवातीला तडजोड झाली. पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, चौथ्यापासून ३०. ठरावीक मोठ्या साखळ्यांतला गल्ला साडेसतरा कोटींच्या वर गेला तर पहिल्या दोन आठवड्यांत अडीच टक्के जादा, दहा कोटींच्या आत राहिला तर अडीच टक्के कमी. १२ जूनला पहिला नवा हिंदी पिक्चर लागला आणि थांबलेले सगळे एकामागून एक उतरले. मराठीची मोकळी जागा तिथे संपली.

या तडजोडीकडे नीट बघा. निर्माते सरसकट निम्मा वाटा मागायला गेले आणि उतरती भाजणी घेऊन आले. त्यांना ती चालली, कारण तोवर मोठा हिंदी पिक्चर एकाच वेळी शेकडो पडद्यांवर लावून पहिल्या तीन-चार दिवसांत वसुली करायची पद्धत रुळली होती. ज्याची बहुतेक कमाई पहिल्या आठवड्यातच होते, त्याला चौथ्या आठवड्याच्या तीस टक्क्यांची काय पर्वा? आणि ते दहा कोटींचं कलम तर हिंदीच्याच मापाचं आहे. ते अक्षरशः लावलं तर जवळजवळ प्रत्येक मराठी चित्रपट कायम खालच्या पायरीवर बसेल. त्या उन्हाळ्यात मल्टिप्लेक्सचा पडदा उजळता ठेवण्यात मराठीचा हात होता, पण करार घडला तो हिंदीच्या गरजेतून. पुढे मराठीच्या बोलण्यांतही हीच उतरंड पाया म्हणून येते. थोडं इकडेतिकडे होतं, पण आठवड्यागणिक खाली यायचंच.

याचा फटका किती बसतो ते आकड्यांत मांडते. दोन पिक्चर घ्या, दोघांचंही नेट चार कोटी. पहिला जोरात उघडला: पहिला आठवडा तीन कोटी, दुसरा सत्तर लाख, तिसरा वीस लाख, चौथा दहा लाख. त्याचा वाटा दीड कोटी, अधिक पावणेतीस लाख, अधिक साडेसात लाख, अधिक तीन लाख. एकूण एक कोटी नव्वद लाख. दुसरा हळू चढला: पहिला आठवडा ऐंशी लाख, दुसरा एक कोटी वीस लाख, तिसरा एक कोटी, चौथा आणि पुढचा मिळून एक कोटी. त्याचा वाटा चाळीस लाख, एक्कावन्न लाख, साडेसदतीस लाख आणि तीस लाख; एकूण एक कोटी साडेअठ्ठावन्न लाख. प्रेक्षकांनी दोघांना सारखेच पैसे दिले. हळू चढणाऱ्याच्या पदरात जवळपास बत्तीस लाख कमी पडले, आणि तेही ज्याला लोकांनी एकमेकांना सांगून सांगून पाहिलं त्याच्या. मराठीत चांगला चालणारा पिक्चर बहुतेक या दुसऱ्या जातीचा असतो. ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ ला लागला आणि दुसऱ्या आठवड्यात त्यानं पहिल्या आठवड्याहून जास्त गल्ला केला. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, मीही केलं. पण त्या वाढलेल्या गल्ल्यावर टक्का मात्र उतरलेला होता, हे त्या कौतुकात कुणी बोललं नाही.

आता मे महिना. सुट्टीचा खरा फायदा शनिवार-रविवारी नसतो, ते तर बाराही महिने भरतात. फायदा सोमवार ते गुरुवार. शाळा चालू असताना सोमवारचा गल्ला शुक्रवारच्या निम्म्यावर टिकला तरी पिक्चर तगला म्हणतात. सुट्टीत आठवड्याच्या मधल्या दिवशीही दुपारचे खेळ भरतात, म्हणून घसरण कमी. हे वाचून निर्माता मे निवडतो, आणि हिंदीवाला, तेलुगूवाला, हॉलिवूडवालाही तेच वाचतो. ‘बाहुबली २’ २८ एप्रिल २०१७, ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ २६ एप्रिल २०१९. एप्रिलचा शेवटचा शुक्रवार कुणालाच सोडवत नाही. महाराष्ट्र दिनाची सुट्टी मराठीला आपली वाटते, पण १ मे २०२५ ला ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबायचं नाय’ हे दोन मराठी एकाच दिवशी आले तेव्हा त्याच दिवशी ‘रेड २’ होता, दक्षिणेतले दोन मोठे पिक्चर होते आणि मार्व्हलचाही एक होता.

पाच पडद्यांच्या मल्टिप्लेक्समध्ये दिवसाला साधारण पंचवीस खेळ बसतात. एखादा पिक्चर तीन तासांचा असला तर त्या पडद्यावर पाचाऐवजी चारच बसतात. ‘एंडगेम’ १८१ मिनिटांचा होता, मध्यंतर आणि सफाई धरून साडेतीन तास गेले. समजा मोठ्या हिंदीनं नऊ घेतले, हॉलिवूडनं इंग्रजी-हिंदी मिळून सात, मागच्या आठवड्यातल्यानं चार. उरलेल्या चार-पाचांत दोन मराठी आणि एक तेलुगू डब. मराठीला मिळतात ते सकाळी पावणेदहा आणि रात्री पावणेअकरा. रात्री पावणेअकराला आजी-आजोबांना घेऊन कोण जाणार?

‘पण सरकारचा नियम आहे ना?’ हेही विचारलं जातं. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी दाखवायचं, असं जाहीर झालं. मोठा गदारोळ झाला, आणि वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली. आता साडेबाराचा एक खेळ लावला की नियम पाळला गेला. मे महिन्यात अकोल्यात, नागपुरात साडेबाराला घराबाहेर पडून बघा. पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो. तिथे उन्हाळ्यात खरा धंदा दिवस कलल्यावरचा, आणि संध्याकाळी साडेसातला आयपीएल सुरू होते. नियम खेळ मोजतो; त्या खेळाला माणूस येऊ शकतो का, हे मोजत नाही.

खेळ काढले जातात तेही कसं बघा. पुढच्या शुक्रवारचं वेळापत्रक सोमवार ते बुधवारच्या दरम्यान ठरतं, मोठ्या साखळ्यांत ते मुख्य कार्यालयातून ठरतं, आणि आधार असतो शुक्रवार ते रविवार किती खुर्च्या भरल्या त्याचा. मराठी पिक्चरची गोष्ट तोंडोतोंडी पसरते ती रविवारी पाहून आलेल्यांकडून, सोमवारी कचेरीत, मंगळवारी घरच्या ग्रुपवर. बुधवारी लोक तिकीट शोधायला लागतात तेव्हा दुसऱ्या आठवड्याचे खेळ अर्ध्यावर आलेले असतात. म्हणून जाणते निर्माते हल्ली बुधवारी-गुरुवारीच पैसे घेऊन आगाऊ खेळ लावतात, म्हणजे बोलबाला दोन दिवस आधी सुरू होतो. हा उपाय चांगला आहे, पण पिक्चर चांगला असेल तरच. नाहीतर शुक्रवार उजाडायच्या आतच बातमी फुटते.

आणखी दोन गोष्टी मे महिन्यात मराठीच्याच वाट्याला येतात. एक, आपला प्रेक्षक गावाला जातो. लालबाग-परळ, दादर, डोंबिवलीतला चाकरमानी मे महिन्यात कोकणात असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात थिएटरं मोजकी आणि लांब लांब. जो माणूस एरवी भारतमाताला किंवा प्लाझाला शनिवारी गेला असता तो त्या शनिवारी आंब्याच्या पेट्या भरत असतो, नाहीतर कुणाच्या तरी हळदीला असतो. लग्नं तर विचारूच नका, अख्खा महिना संध्याकाळी तीच. दुसरी गोष्ट, सुट्टीत घरातला पिक्चर मूल निवडतं. चौघांची तिकिटं नऊशे चव्वेचाळीस रुपये, वर खाणं. महिन्याला एकच पिक्चर परवडतो, आणि तो सुपरहिरोचा किंवा प्राण्यांचा ठरतो. ‘बाईपण’ ३० जूनला आला तेव्हा शाळा उघडलेल्या होत्या, मुलं वर्गात होती आणि बायका मैत्रिणींना घेऊन दुपारच्या खेळाला जाऊ शकत होत्या. तारखेचा विचार असा करावा लागतो, कॅलेंडरवरचा लाल आकडा बघून नाही.  

इथे समोरचा हमखास म्हणतो, ‘मग सैराट?’

हो, ‘सैराट’. २९ एप्रिल २०१६. त्याच दिवशी हिंदीत ‘बागी’, पुढच्याच शुक्रवारी ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’, आयपीएल रोज. आणि तरी शंभर कोटींच्या पुढे. हे उदाहरण माझ्या तोंडावर इतक्यांदा फेकलं गेलंय की त्याचं उत्तर पाठ झालंय. एक, तो करमुक्त काळ होता; ग्रॉस तेच नेट. दोन, त्याची ताकद गावातल्या आणि तालुक्याच्या एकपडद्यांवर होती, काही ठिकाणी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. एकपडद्याचं गणित मल्टिप्लेक्ससारखं नसतं. तिथे पुष्कळदा थिएटरचं आठवड्याचं भाडं ठरलेलं असतं. वितरकानं भाडं भरायचं, वरचा सगळा गल्ला त्याचा. पिक्चर पडला तर भाडं अंगावर येतं, पण धावला तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही वाटा खाली येत नाही, उलट वाढतो. हळू चढणाऱ्या, टिकणाऱ्या पिक्चरला हीच रचना फळते. जत्रांतल्या तंबू थिएटरनी मराठी सिनेमाला इतकी वर्षं जगवलं ते याच धर्तीवर: चैत्राच्या जत्रा, रोज रात्री खेळ, ठरलेली रक्कम. तीन, भूगोल. सिनेमाच्या वितरणात आजही जुने सुभे, म्हणजे धंद्यासाठी पाडलेले विभाग, चालतात. विदर्भ सीपी-बेरारमध्ये मोजतात, मराठवाडा निजाममध्ये. शहरी मल्टिप्लेक्सच्या मुंबई सुभ्यावर नजर ठेवून लावलेला मराठी पिक्चर या दोन्ही भागांत अर्धामुर्धाच पोचतो. ‘सैराट’ सगळीकडे पोचला.

पण हे पाठ केलेलं उत्तर देताना मला अलीकडे अडखळायला होतं. पूर्वी मी ठासून म्हणायचे की मराठीनं मे सोडावा, जानेवारी धरावा. ‘टाइमपास’ ३ जानेवारी २०१४, ‘नटसम्राट’ १ जानेवारी २०१६, ‘वेड’ ३० डिसेंबर २०२२: वर्षाच्या सांध्यावर मराठीला जागा सापडली होती आणि मी हे तीन दाखले पुढे करायचे. आजही ते मला पटतात. पण मग ‘सैराट’ जानेवारीत आला असता, शाळा-कॉलेजं चालू असताना, तर ती पोरं रोज रात्री थिएटरात नाचली असती का? गावाला गेलेला प्रेक्षक मुंबईचा गल्ला घटवतो हे खरं, पण तोच तालुक्याच्या एकपडद्याला मिळतो हेही खरं. थिएटर असेल तर. आणि ती एकपडदा थिएटरं तेव्हापासून किती बंद पडली, किती मंगल कार्यालयं झाली, ते तुमच्या गावात तुम्हीच बघा. त्यामुळे ‘मे चांगला की वाईट’ याचं उत्तर दर वर्षी बदलत जातं. ज्याच्याकडे गाव आहे त्याला मे चांगला, ज्याच्याकडे फक्त मल्टिप्लेक्स आहे त्याला नाही. आणि आज बहुतेकांकडे फक्त मल्टिप्लेक्स उरलंय.

मग भाजणीच बदला, असं मी म्हणते तेव्हा मल्टिप्लेक्सच्या बाजूचं एक उत्तर येतं आणि ते मला खोडून काढता येत नाही. समजा सगळ्या आठवड्यांना सरसकट ४२.५ टक्के केले. वरच्या दोन्ही पिक्चरना मग सारखेच एक कोटी सत्तर लाख मिळतील. हळू चढणाऱ्याला साडेअकरा लाख जादा. न्याय झाला असं वाटतं. पण चौथ्या आठवड्यात थिएटर तुमचा पिक्चर ठेवतं ते त्याला सत्तर टक्के मिळतात म्हणून. तिथे साडेसत्तावन्नच मिळणार असतील तर ते चौथा आठवडा देणारच नाही, शुक्रवारी नवा पिक्चर लावून मोकळं होईल. मग तुमचा चौथ्या आठवड्याचा एक कोटीचा गल्ला येणार कुठून? उतरती भाजणी मराठीचा टक्का खाते आणि मराठीला पडद्यावरही ठेवते, दोन्ही एकदमच.

माझ्या डोक्यात गेली काही वर्षं दुसरी एक रचना घोळते आहे. टक्का तारखेनं उतरवू नका, खेळांच्या संख्येनं उतरवा. प्रत्येक थिएटर रोजच्या गल्ल्याचा खेळवार तक्ता, डीसीआर, पाठवतंच. म्हणजे मोजणी नव्यानं करायची नाही. एका पडद्यावर पस्तीस खेळ होईपर्यंत पहिला आठवडा समजायचा. मोठा हिंदी पिक्चर एका पडद्यावर दिवसाला पाच खेळ घेतो, त्याचे पस्तीस सात दिवसांत होतील, त्याला काहीच फरक पडणार नाही. मराठीला दिवसाला दोनच खेळ दिलेत? मग त्याचा पहिला आठवडा अठराव्या दिवशी संपेल, आणि तोवर ५० टक्के द्यावे लागतील. टक्का लवकर उतरवायचा असेल तर खेळ जास्त द्या.

यावर एका जाणकारानं मला विचारलं, की थिएटरनं पस्तीस खेळ व्हायच्या आधीच, बाराव्या खेळाला, पिक्चर उतरवला तर? तेव्हा खेळांची किमान संख्या करारात घालावी लागेल, आणि किमान संख्या कबूल करायला मल्टिप्लेक्स तयार व्हायचं असेल तर मराठी निर्मात्यांना २००९ सारखं एकत्र बसून दोन महिने पिक्चर रोखून धरावे लागतील. हिंदीवाल्यांना ते पडक्या महिन्यांत परवडलं. मराठी निर्मात्यानं व्याजानं पैसे उचललेले असतात आणि त्याचं व्याज दर महिन्याला चढतं. त्याला कोणते दोन महिने परवडतील, हे मी अजून शोधते आहे.